थोरल्या जाऊबाई आणि गोदामाचा रॅम्प

सगळ्या गावाला वाटतं की गोदामाभोवतीचा तो रॅम्प माझ्या डोक्यातून निघाला. मुळीच नाही. मी गवंड्याला एवढंच म्हटलं होतं, "दादा, दारापाशी एक छोटासा उतार करून द्या." 'छोटासा' हा शब्द मी दोनदा उच्चारला होता आणि आमचे हे तेव्हा शेजारीच उभे होते. आता विचारलं तर म्हणतात, "मला काही आठवत नाही बुवा." इतकी वर्षं संसार केला, पण माझ्या बाजूने साक्ष द्यायची वेळ आली की या माणसाची स्मरणशक्ती नेमकी रजेवर जाते.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले आणि घरी बसून ह्यांच्या चुका काढू लागले. चुका काही संपेनात, पण ह्यांचा धीर संपला. "अगं, बाहेर काहीतरी बघ की," असं ते काकुळतीला येऊन म्हणाले, तेव्हा मी नगर कार्यालयात गेले आणि बाजाररस्त्यावरचं बियाण्यांचं बंद गोदाम मागून घेतलं. त्यांनीही 'किरकोळ दुरुस्ती करून वापरावे' या अटीवर देऊन टाकलं. त्यात उंदरांशिवाय काही उरलं नव्हतं, आणि उंदरांची जबाबदारी कुणावर टाकता येईल का, हे ते बरेच दिवस शोधत असावेत. दारावर मी स्वतः पाटी रंगवली: 'रंगघर. सर्वांसाठी खुलं.'

पाटीचा रंग वाळायच्या आत आमचे निवृत्त हेडमास्तर येऊन उभे राहिले. "सर्वांसाठी म्हणजे नक्की कोणासाठी?"

"सर्वांसाठी, सर."

"तसं नसतं बाई. काहीतरी मर्यादा घाला. नाहीतर कोणीही येईल."

आणि खरंच कोणीही आलं. दृष्टी गेल्यामुळे लवकर निवृत्त झालेले बस कंडक्टर आले. ते मातीचे प्रवासी करायचे, सगळे उभे, एकालाही बसायला जागा नाही. का, असं विचारलं तर म्हणायचे, "गर्दी होती." ज्यांना ऐकू येत नाही अशा शिंपीणबाई आल्या. त्या माझं बोलणं ओठांवरून वाचायच्या आणि कंटाळा आला की सरळ डोळे मिटून घ्यायच्या. शाळेतल्या माझ्या एकाही विद्यार्थ्याला ही सोय नव्हती. भाजीवालीचा थोरला मुलगा आला. तो बोलतो कमी, रंगवतो फार, आणि फक्त निळ्या रंगात. त्याला सगळे निळूच म्हणतात. एक गृहस्थ बिघडलेला पंखा घेऊन आले, "सर्वांसाठी म्हणता ना, मग दुरुस्तीही होत असेल." त्यांना मी बसवून घेतलं. आता ते पंख्याच्या पात्यांवर पक्षी काढतात. पंखा अजून बंदच आहे.

एवढे सगळे आले आणि जिने यावं असं मला मनापासून वाटत होतं तीच आली नाही.

थोरल्या जाऊबाईंबद्दल सांगायला हवं. आमच्या घरातल्या त्या कर्त्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला साधा चहा नीट जमत नव्हता. त्यांनी मला स्वयंपाक शिकवला, हिशेब शिकवला, आणि ह्यांच्यावर ओरडायची योग्य वेळ कोणती, तेही शिकवलं. भाऊजी गेले त्यानंतरही त्या बाजारात निघाल्या की दुकानदार आपोआप ताठ बसायचे. आणि मग आजारपण आलं, त्यातून त्या उठल्या, पण पाय उठले नाहीत. वर्ष उलटून गेलं, चाकांच्या खुर्चीत, खिडकीपाशी. लोक भेटायला यायचे, हळू आवाजात बोलायचे, 'काळजी घ्या' म्हणायचे आणि सुटल्यासारखे निघून जायचे. जाऊबाई दिवसेंदिवस गप्प होत चालल्या होत्या. ज्या बाईच्या आवाजाने पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं जागं व्हायचं, ती बाई गप्प. मला भीती वाटायला लागली होती, अगदी खरी भीती.

मी म्हटलं, "वहिनी, चला ना रंगघरात. चौघं मिळून उचलू तुम्हाला. पाच पायऱ्या तर आहेत."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुन्हा नवी नवरी झाले. "दवाखान्यातून चौघांनी उचलून आणलं, तेवढं पुरे. मी काय पोतं आहे? माझी खुर्ची मी माझ्या हाताने ढकलत येईन, पुढच्या दाराने. नाहीतर येणार नाही. जा."

आता गंमत अशी, की ते गोदाम पोत्यांसाठीच बांधलेलं. ट्रकमधून पोती सरळ आत सरकावीत म्हणून त्याची जमीन माणसाच्या छातीएवढी उंच. पोत्यांची सोय होती, माणसांची नव्हती. म्हणून मी गवंड्याकडे गेले आणि तो दुर्दैवी 'छोटासा उतार' मागितला.

गवंड्याने तो दोन दिवसांत बांधला. दारापासून निघून रस्त्यावर संपणारा, सरळ, गुळगुळीत, आणि इतका उभा की त्यावर चिमणी बसली असती तर तीही घसरली असती. "मजबूत आहे," गवंडी अभिमानाने म्हणाला. हेडमास्तर म्हणाले, "आधी कुणीतरी बसून बघायला पाहिजे." सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. संस्थाचालक म्हणून माझी काही प्रतिष्ठा होती. मी दवाखान्यातून एक खुर्ची मागून आणली, दारात तिच्यात बसले आणि ब्रेक सोडला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. रस्ता आला, रस्ता गेला, एक सायकलवाला "अहो बाई!" म्हणाला, आणि मी समोरच्या केशकर्तनालयाच्या उघड्या दारातून आत शिरून थेट आरशासमोर थांबले. न्हाव्याचा हात हा सवयीचा गुलाम. त्याने काही विचार न करता माझ्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं आणि म्हणाला, "बारीक करू?" शेजारच्या खुर्चीत आमचे हे, अर्ध्या गालाला साबण. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "थोडं थांब. माझा नंबर आधी आहे."

ही बातमी मी घरी पोचायच्या आत जाऊबाईंपर्यंत पोचली होती. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खुर्चीचा हात धरून हसत होत्या. मी रागाने लाल झाले होते, पण मनात म्हटलं, हसू देत, कितीतरी महिन्यांनी हसल्या.

मग मी शहरातल्या इंजिनिअर भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, उंचीच्या बारापट लांबी लागते. कमी केलीस तर ती घसरगुंडी होते."

"ते मला कळलंय," मी म्हटलं.

हेडमास्तरांनी खडूने रस्त्यावरच हिशेब मांडला. बारापट लांबीचा रॅम्प सरळ काढला तर तो रस्ता ओलांडून, केशकर्तनालयातून जाऊन, न्हाव्याच्या स्वयंपाकघरात संपत होता. न्हावी भला माणूस. "मागचं दार काढलं तर जमेल," म्हणाला. पण त्याच्या बायकोने आतून काहीतरी आपटलं आणि तो विषय तिथेच संपला. शेवटी गवंडीच म्हणाला, "सरळ जागा नाही तर वळवू या. गोदामालाच वळसा घालू." म्हणजे पुढच्या कोपऱ्यातून सुरू करायचं, एका बाजूने जायचं, मागून फिरायचं, दुसऱ्या बाजूने चढत यायचं आणि पुढे दारापाशी पोचायचं. सगळ्यांना ही कल्पना इतकी आवडली की तिला परवानगी लागेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. 'किरकोळ दुरुस्ती'ची परवानगी होतीच. गोदामाच्या मानाने रॅम्प किरकोळच नव्हता का?

आता या कामात आमच्या गावानेच करावी अशी एक चूक झाली. रॅम्पचा शेवटचा भाग जिथे यायचा तिथे पायऱ्या होत्या. मुहूर्त चांगला व्हावा म्हणून उत्साहाच्या भरात आम्ही पहिल्याच दिवशी ती घसरगुंडी आणि पायऱ्या दोन्ही फोडून टाकल्या. रॅम्प मात्र सुरू होणार होता दुसऱ्या टोकाकडून. त्यामुळे कितीतरी आठवडे 'सर्वांसाठी खुलं' या पाटीखाली एक शिडी टेकवलेली होती, आणि रंगघरात यायचं तर शिडी चढून यावं लागत होतं. आधी निदान धडधाकट माणसं सुखाने आत जायची. मी तेही बंद करून दाखवलं. कंडक्टर झपझप चढायचे, त्यांना टपावर सामान चढवायची सवय. मी मात्र एकदा मधल्या पायरीवर अडकले, ना वर ना खाली, आणि बाजारातल्या प्रत्येक माणसाने थांबून मला सल्ला दिला. "खाली बघू नका." "डावा पाय आधी." "वजन जास्त आहे, शिडी बदला." हा शेवटचा सल्ला आमच्या ह्यांचा.

पण एक सांगते. त्या दिवसांत लोकांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ज्याच्या घरी जे उरलं होतं ते त्याने आणून टाकलं. कुणाच्या न्हाणीघराच्या फरशा, कुणाच्या पाडलेल्या भिंतीच्या विटा, शिंपीणबाईंच्या जुन्या ओट्याचा काळा दगड. भाजीवालीने रोज दुपारी गवंड्याला जेवू घातलं. हेडमास्तर, जे म्हणायचे 'मर्यादा घाला', ते टोपी घालून उन्हात वाळू चाळत बसायचे आणि वाळूलाही शिस्त लावायचे. मी आभार मानायला गेले की लोक म्हणायचे, "अहो, थोरल्या बाई आल्या पाहिजेत ना!" दुकानदारांना त्यांचा धाक आठवत होता, आणि तो धाक त्यांना परत हवा होता. मला तर भरूनच येई. मी घरी येऊन सांगितलं तर जाऊबाई म्हणाल्या, "वाळूवाल्याने चांगली वाळू दिली का? तो मेला नेहमी मातीच घालतो." आणि दुसऱ्या दिवसापासून त्या अंगणात खुर्ची ढकलायचा सराव करू लागल्या. दंड भरून येईपर्यंत, न बोलता, पुढे मागे.

रॅम्प झाला. गवंड्याने रुंदी ठेवली होती खुर्चीपुरती, आणि दोन्ही बाजूंना कठडा. "खुर्ची पडता कामा नये," एवढंच त्याच्या मनात. त्यामुळे रॅम्पवर एकाला दुसऱ्याच्या पुढे जाता येत नव्हतं. वरून उतरणारा आणि खालून चढणारा समोरासमोर आले की एकाला मागे जावं लागे, आणि कुणी जायचं यावर भांडण होई. लोकांना तो इतका आवडला, की सकाळी म्हातारी माणसं फिरायला यायची, संध्याकाळी मुलं चाकं सोडायची. रंगघरात गर्दी कमी, बाहेर जास्त. निळूने कठडा रंगवायला घेतला. कोणता रंग, ते सांगायला नको.

आणि मग नगर कार्यालयाचे साहेब येणार असा निरोप आला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की गोदामाला दुरुस्तीच्या नावाखाली नवीन रस्ता बांधलाय. कार्यालयातला ओळखीचा कारकून हळूच म्हणाला, "बाई, ते पाडायचंच ठरवून येणार आहेत. उद्या सकाळी."

रंगघर गेलं तर गेलं, मी म्हटलं, पण वहिनींचं काय? मी घरी येऊन सगळं सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, "उद्या सकाळीच ना? मग आपण त्याच्या आधी जाऊ. एकदा तरी जाईन."

सकाळी आम्ही निघालो. घरापासून बाजारापर्यंत जाऊबाईंनी खुर्चीला कुणाला हात लावू दिला नाही. दुकानदार उठून उभे राहिले. "कांदे काय सडवून विकतोस का रे?" असं त्या एकाला म्हणाल्या आणि तो इतका खूश झाला की त्याने लगेच कांदे निवडायला घेतले. रॅम्पपाशी पोचलो तर साहेब आधीच हजर, कार्यालयाचे दोन शिपाई बरोबर. जाऊबाईंनी त्यांच्याकडे मान हलवली, "आधी मी," असं म्हणाल्या आणि रॅम्पवर चाकं घातली. मी सवयीने हँडलला हात लावायला गेले.

"तू सगळ्यात मागे," त्या मान न वळवता म्हणाल्या. "तुझा हात गप्प राहणार नाही, मला माहितेय."

झालं. पुढे जाऊबाई, त्यांच्या मागे साहेब, कारण त्यांना वर जाऊन पाहणी करायची होती आणि दुसरी वाटच नव्हती. मग शिपाई, हेडमास्तर, शिंपीणबाई, निळू, भाजीवाली, न्हावी, पंखेवाले गृहस्थ, अर्धा बाजार, आणि शेवटी मी. आमचे हे माझ्या पुढे. सगळी वरात जाऊबाईंच्या हातांच्या गतीने सरकत होती. दोन ढकल, मग श्वास. दोन ढकल, मग श्वास. कंडक्टर मधूनच ओरडत होते, "पुढे चला, पुढे चला! दारात गर्दी करू नका!" दार अजून गोदामाच्या पलीकडे होतं.

पहिल्या वळणावर जाऊबाई दमल्या आणि थांबल्या. सगळी रांग थांबली. साहेबांनी कंटाळून कठड्यावर कोपर टेकलं आणि उचललं तेव्हा कोट निळा झाला होता. "हे कुणी..." असं त्यांनी म्हणताच निळूने अभिमानाने हात वर केला.

साहेब वैतागून म्हणाले, "हे बघा, हे बांधकाम कशात बसतं? रस्ता म्हणावा तर रस्ते विभागाचं. इमारत म्हणावी तर परवानगी नाही. हे पाडावं लागेल."

"पाडा की," जाऊबाई घाम पुसत म्हणाल्या. "पण मग वर जाणार कुठून? पायऱ्या आमच्या या शहाणीने आधीच फोडल्यात."

साहेबांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. कोट पुढूनही निळा झाला. "पायऱ्या नाहीत?"

"नाहीत," हेडमास्तर म्हणाले. "एक शिडी होती. तिच्यावर बाई अडकल्या होत्या." ही माहिती देण्याची काही गरज नव्हती.

साहेब विचारात पडले. सार्वजनिक जागेची वर जायची एकमेव वाट पाडता येत नाही, असा त्यांच्या कार्यालयाचाच नियम होता, आणि तो त्यांना पाठ होता. आणि जिन्याची दुरुस्ती किरकोळ दुरुस्तीत बसत होती. त्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाईंनी पुन्हा चाकांना हात घातले होते. दंड थरथरत होते. "ठीक आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "हा जिना आहे. फक्त पायऱ्या नसलेला." आणि मग जोरात, मागच्यांसाठी, "जिना आहे! पाडायचा नाही!" बातमी रांगेतून मागे येत येत माझ्यापर्यंत पोचली तेव्हा आमच्या ह्यांनी माझा हात धरला. बाजारात, सगळ्यांसमोर. निदान तेवढ्यापुरती मी त्यांची एकही चूक काढली नाही.

दुसरं वळण, तिसरं वळण. मी अजून मागच्या बाजूलाच होते, मला समोरचं काही दिसत नव्हतं. अचानक रांग थांबली आणि पुढून आवाज आला, "दाराला कुलूप आहे!"

देवा! किल्ली माझ्याकडे, आणि मी शेपटाला. पुढे जायला वाट नाही, कठड्यावरून उडी मारायचं माझं वय नाही. मी पिशवीत हात घातला, किल्ली काढली आणि ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी पुढच्याला, त्याने पुढच्याला. ती वळणाआड गेली. थोड्या वेळाने तशीच हातोहात परत आली, जाऊबाईंच्या निरोपासकट: "ही आपल्या धान्याच्या कपाटाची आहे. डोकं ठिकाणावर ठेव." सगळ्या रांगेने तो निरोप एकेकाच्या तोंडून, एकही शब्द न गाळता पोचवला. मी बरोबर किल्ली शोधली आणि पाठवली. न्हाव्याच्या हातातून, भाजीवालीच्या, निळूच्या, शिंपीणबाईंच्या, हेडमास्तरांच्या, शिपायांच्या. शेवटी ती साहेबांच्या निळ्या हातात पडली आणि त्यांनी वाकून जाऊबाईंना दिली, असं मला नंतर सगळ्यांनी सांगितलं. मी नव्हते ना तिथे. मी मागे भिंतीकडे तोंड करून उभी होते आणि कुलूप उघडल्याचा आवाज ऐकत होते.

रांग सरकली. एकेक जण आत जाऊ लागला. मला आतून जाऊबाईंचा आवाज ऐकू येत होता, तो जुना, पलीकडच्या गल्लीपर्यंत जाणारा. "या, या. आत या. तिथे नको, तिथे ओलं आहे. साहेब, तुम्ही बसा. अरे, कुणीतरी चहाचं बघा! कंडक्टर, हे सगळे उभे का? जरा दोघांना तरी बसवा."

मी दारात पोचले तेव्हा सगळे आत होते. जाऊबाईंनी खुर्ची दाराकडे वळवून ठेवली होती. तळहात लाल झाले होते, केस विस्कटले होते. मला रडू आवरेना. मी म्हटलं, "वहिनी..."

"किती उशीर केलास गं," त्या म्हणाल्या. "मी केव्हाची वाट बघतेय. ये, आत ये."